पाऊण तोळ्याची गोळी आणि दोनशे यार्डांचा नेम

जूनच्या शेवटी ह्यूस्टनहून भाच्याचा मेसेज आला. "मामा, वायोमिंगच्या शिकार परवान्याची सोडत लागली! अँटिलोप! आता काडतुसं कुठली घेऊ?" सोबत दुकानातल्या मांडणीचा फोटो. सहा फळ्या, त्यांवर लाल-हिरवी-पिवळी खोकी, आणि प्रत्येक खोक्यावर कुठल्या ना कुठल्या शिंगवाल्या जनावराचं चित्र. खाली दुसरा मेसेज: "इथला माणूस म्हणतो तीनशे मॅग्नम घे, हत्ती पण पडेल."

हत्ती पाडायचा नाहीये, हे मी त्याला लगेच कळवलं. त्याच्याआधी आणखी एक गोष्ट कळवली, आणि ती इथे आधी लिहितो, कारण आपल्यातले बरेचजण त्यात अडकू शकतात. भाचा एच-१बी व्हिसावर आहे. अमेरिकेच्या फेडरल कायद्यात अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक तर सोडाच, काडतूसही जवळ बाळगायला मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा एक: कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणजे क्रम असा, की आधी परवाना हातात, मग खोक्याला हात. मित्राची रायफल "जरा धरून बघतो" हेसुद्धा त्याच्यानंतरच. शंका असेल तर वकिलाला एकदा विचारून घ्यावं. भाच्याने विचारलं, आणि मग पुढच्या गोष्टी सुरू झाल्या.

वायोमिंगमध्ये लोक ज्याला अँटिलोप म्हणतात ते खरं प्राँगहॉर्न. आपलं काळवीट हे खरं अँटिलोप. प्राँगहॉर्न मात्र त्याच्या कुळातलं जगात उरलेलं एकुलतं एक जनावर, आणि जिवंत प्राण्यांत त्याचे जवळचे नातेवाईक म्हणजे जिराफ आणि ओकापी. माझं आजोळ कर्जत तालुक्यातलं, रेहेकुरीच्या अभयारण्याजवळचं. पहिल्यांदा माळावर प्राँगहॉर्नचा कळप बघितला तेव्हा वाटलं, काळवीटच, फक्त थोराड. नर पन्नास किलोच्या आसपास भरतो. पळायला लागला की ताशी ८०-९० किलोमीटर. तिथले लोक त्याला लाडाने 'स्पीड गोट' म्हणतात. नजर इतकी तीक्ष्ण, की तुम्ही त्याला दुर्बिणीतून शोधेपर्यंत त्याने तुम्हाला केव्हाच हेरलेलं असतं. (भारतात काळवीट, चिंकारा, नीलगाय यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. इथे जे सांगतोय ते वायोमिंगच्या परवान्यापुरतं.)

या वर्णनात काडतुसाचं निम्मं उत्तर आहे. जनावर मोठं नाही, कातडी जाड नाही, हाडं दणकट नाहीत. म्हणजे तोफ नको. पण ते उघड्या माळावर लांब उभं असतं, आणि हृदय-फुप्फुसांचा भाग एका मध्यम भाकरीएवढा, वीसेक सेंटिमीटरचा. गोळी त्या भाकरीत बसली तर जनावर काही सेकंदांत पडतं. बाहेर बसली तर जखमी होऊन मैलभर जातं आणि कुठल्यातरी ओघळीत तडफडत राहतं. सगळी निवड, सगळी तालीम, सगळी आकडेमोड त्या भाकरीसाठी.

काडतूस म्हणजे चार वस्तूंची मोट. पितळी पुंगळी, तिच्या बुडाला प्रायमर (ठिणगी पाडणारी टिकली), आत दारू, आणि तोंडाशी गोळी. बोलताना आपण सगळ्यालाच गोळी म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. जनावरापर्यंत पोचते ती फक्त टोकाची गोळी. बाकी तिघं तिला निरोप देऊन मागेच राहतात.

खोक्यावरचा पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, तोही ढोबळच. २४३ विंचेस्टर म्हणजे इंचाचे २४३ हजारांश, सव्वासहा मिलिमीटरला जरा कमी. हे नाव तरी प्रामाणिक आहे. २७० विंचेस्टरची गोळी मात्र २७७ हजारांशाची असते. ३०-०६ मधला ०६ म्हणजे १९०६ साल. तर्क शोधू नका, आपल्या रायफलच्या नळीवर जे कोरलंय तेच अक्षर न् अक्षर खोक्यावर आहे ना, एवढंच बघा. जवळपास बसणारं पण चुकीचं काडतूस नळीत घालणं हा या छंदातला सगळ्यात महागडा आळस आहे.

दुसरा आकडा ग्रेनचा, आणि इथे आपण मराठी माणसं फायद्यात आहोत. ग्रेन हे गोळीचं वजन. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, म्हणजे काहीच डोळ्यांसमोर येत नाही. पण सोनाराचा जुना तोळा, ११.६६ ग्रॅमचा, बरोबर १८० ग्रेनचा होता. इंग्रजांनी तोळा ठरवला तोच ग्रेनमध्ये. गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. तेव्हा १८० ग्रेनची गोळी एक तोळ्याची, ९० ग्रेनची अर्ध्या तोळ्याची. भाच्याला हे सांगितल्यावर त्याने लगेच हिशोब केला: "म्हणजे मला पाऊण तोळा लागेल." बरोबर. प्राँगहॉर्नसाठी अर्धा ते पाऊण तोळा पुष्कळ.

आता नावं घेतो. २४३ विंचेस्टर, ९५ ते १०० ग्रेन: १९५५ सालचं काडतूस, धक्का सौम्य, नवख्यांना आणि हलक्या अंगाच्या माणसांना उत्तम. ६.५ क्रीडमूर, १४० ग्रेनच्या आसपास: २००७ सालचं, सध्या सगळ्यांच्या तोंडी असलेलं, वाऱ्यात कमी भरकटणारं. २७० विंचेस्टर, १३० ग्रेन: शंभर वर्षांचं म्हातारं, १९२५ पासून हेच काम करतंय आणि अजून कुणाला त्याच्यात खोट काढता आलेली नाही. घरात ३०८ किंवा ३०-०६ असेल तर १५० ग्रेन घ्या, नवीन रायफल घेऊ नका. या पाचांपैकी कुठलंही चालेल. दुकानदारांना हे ऐकायला आवडत नाही, आणि इंटरनेटवर यावर माणसं रात्र रात्र भांडतात. माझं मत सरळ आहे: या पाच काडतुसांमधला फरक हा तुमच्या चाप ओढण्याच्या दोन पद्धतींमधल्या फरकापेक्षा लहान आहे.

तीनशे मॅग्नमला माझा विरोध का? पोच जास्त, हे खरं. पण धक्का इतका, की पाचव्या बारानंतर खांदा आपोआप आक्रसायला लागतो, आणि चाप ओढण्याआधीच डोळा मिटतो. डोळा मिटला की भाकरी गेली. टेक्सासात मोकळी फिरणारी नीलगाय मारायची असती तर गोष्ट वेगळी. आपल्याकडूनच तिकडे नेलेलं ते जनावर अडीचशे किलोंचं आणि चिवट. तिच्यासाठी जड काडतूस योग्य. प्राँगहॉर्नसाठी ते म्हणजे पोह्यांची फोडणी टाकायला लग्नाची कढई.

वजनापेक्षा महत्त्वाची असते गोळीची घडण, आणि त्याकडेच कमी लक्ष जातं. सैन्याच्या सरावाची गोळी पूर्ण तांब्याच्या वेष्टनातली असते. ती सुईसारखी आरपार जाते आणि मागे बारीक भोक सोडते. शिकारीला ती नको. शिकारीची गोळी आत शिरल्यावर पुढून उमलायला हवी, छत्रीच्या आकारात, म्हणजे आतली इजा रुंद होते आणि जनावर लवकर मरतं. पण ती अति उमलून फुटता कामा नये. १९४६ मध्ये कॅनडात एका मूसवर (तिकडचं थोराड हरीण) जॉन नॉस्लरची गोळी अशीच वरवर फुटली. घरी जाऊन त्याने मधोमध तांब्याची आडभिंत असलेली गोळी बनवली. पुढचा भाग उमलतो, मागचा भाग एकसंध आत घुसतो. १९४८ पासून ती 'पार्टिशन' नावाने विकली जाते.

प्राँगहॉर्नला एवढी दणकट गोळी लागतेच असं नाही. साधी, शिशाचा गाभा आणि तांब्याचं वेष्टन असलेली, टोकाला प्लॅस्टिकची चोच असलेली गोळी काम करते. माझा कल मात्र गेली काही वर्षं अख्ख्या तांब्याच्या गोळीकडे आहे, आणि कारण स्वयंपाकघरातलं आहे. शिशाची गोळी उमलताना तिचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात. डोळ्यांना दिसत नाहीत, एक्स-रेमध्ये दिसतात. ते मांस आमच्या घरी लहान मुलं खातात. कॅलिफोर्नियात तर जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी चालतच नाही. वायोमिंगमध्ये तशी सक्ती नाही. तांबं घेताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. म्हणून एक पायरी कमी वजनाची घ्या. आणि ती उमलायला वेग लागतो, तेव्हा फार लांबवर तिच्यावर भरवसा टाकू नका.

गोळी सरळ जात नाही

आता नेम जुळवायचा. आपल्याकडे पोलीस-सैन्यातली माणसं याला झिरो करणं म्हणतात, आणि जागेला चांदमारी. हा शब्द मला फार आवडतो, भाच्याला तो माहीतच नव्हता.

आधी एक गैरसमज काढून टाकू. नळीतून सुटलेली गोळी सुटल्या क्षणापासून खाली पडत असते. हातातून सोडलेला दगड ज्या वेगाने पडतो त्याच वेगाने. फक्त ती पुढेही जात असते, सेकंदाला आठशे मीटरच्या वर. दोनशे यार्ड जायला तिला पाव सेकंदही लागत नाही, आणि तेवढ्यात ती २५-२७ सेंटिमीटर पडलेली असते. यार्डाचा अंदाज क्रिकेटवाल्याला सांगायला नको: खेळपट्टी २२ यार्डांची, म्हणजे दोनशे यार्ड म्हणजे एकापुढे एक नऊ खेळपट्ट्या.

मग मधोमध लागते कशी? सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक यष्टिरक्षकाच्या हातमोज्यांकडे बघतो, पण चेंडू जरा वर फेकतो, तशी. नळी किंचित वर रोखलेली असते आणि स्कोपची, म्हणजे रायफलवरच्या दुर्बिणीची, नजर सरळ. नळी स्कोपच्या चारेक सेंटिमीटर खाली आहे, म्हणून गोळी नजरेच्या रेषेखालून निघते, रेषा ओलांडून वर जाते, आणि पुढे पुन्हा खाली येऊन रेषेला मिळते. हे दुसरं मिलन कुठे व्हावं ते तुम्ही ठरवायचं. तोच तुमचा झिरो.

प्राँगहॉर्नसाठी मी दोनशे यार्ड सांगतो. भाच्याने घेतलेल्या ६.५ क्रीडमूरच्या १४३ ग्रेनच्या गोळीचे आकडे साधारण असे: शंभर यार्डांवर नजरेच्या रेषेपेक्षा पाच सेंटिमीटर वर, दोनशेवर शून्य, अडीचशेवर आठ-नऊ सेंटिमीटर खाली, तीनशेवर वीस सेंटिमीटर खाली, चारशेवर सत्तावन्न. हे आकडे नीट बघा. शून्यापासून अडीचशे यार्डांपर्यंत गोळी वर-खाली मिळून इतकी थोडी हलते, की भाकरीच्या मध्यावर नेम धरला तर ती भाकरीतच लागते. काही मोजायचं नाही, काही फिरवायचं नाही. तीनशेला मात्र भाकरीच्या खाली जाते. चारशेला जनावराच्या पोटाखालून जाते. अडीचशे आणि चारशे यांत अंतर दीडशे यार्डांचं, पण चूक आठ सेंटिमीटरवरून सत्तावन्नवर. पडण्याचा वेग वाढत जातो, म्हणून शेवटचे शंभर यार्ड पहिल्या शंभरांसारखे नसतात.

बाकावर बसून

प्रत्यक्ष काम एका सकाळी होतं, घाई नसेल तर. आधी स्कोपचे स्क्रू. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगतोय. माझ्या दुसऱ्या वर्षी ४० मैल खडबडीत कच्च्या रस्त्याने गाडी नेली, एकशेऐंशी यार्डांवर नर आडवा उभा मिळाला, आणि गोळी त्याच्या पुढ्यात धूळ उडवून गेली. तळावर येऊन खोक्यावर बार टाकला तर वीतभर डावीकडे. पुढच्या कडीचा स्क्रू बोटाने फिरत होता. जनावर बिनजखमी गेलं हे नशीब. तेव्हापासून टॉर्क मोजणारा पाना वापरतो, आणि कड्यांवर नखरंगाची बारीक रेघ मारून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू सरकला. नखरंग बायकोचा.

सुरुवात २५ यार्डांवर. बोल्ट-ॲक्शन रायफल असेल तर बोल्ट (मागची सरकती खिट्टी) काढून नळीतून मागून लक्ष्य बघायचं, ते नळीच्या मधोमध आणायचं, आणि रायफल न हलवता स्कोपची फुली त्याच ठिपक्यावर आणायची. मग बार. २५ यार्डांवर मध्यात लागली की शंभरावर ती कागदावर सापडतेच. थेट शंभरावर सुरू करणारे लोक मी बघितलेत. अर्धं खोकं संपतं आणि कागद कोरा तो कोराच.

शंभरावर तीन बार टाका, एकाच ठिपक्यावर, घाई न करता. मग थांबा. एका भोकावरून स्कोप फिरवायचा नाही. तीन भोकांचा पुंजका बघायचा, त्याचा मध्य काढायचा, आणि मग फिरवायचं. समजा मध्य ठिपक्याच्या दोन सेंटिमीटर खाली आणि सहा सेंटिमीटर डावीकडे आहे. आपल्याला तो पाच सेंटिमीटर वर हवाय, कारण झिरो दोनशेचा आहे. म्हणजे सात सेंटिमीटर वर, सहा उजवीकडे. बहुतेक अमेरिकन स्कोपांत फिरवायच्या चकतीची एक टिचकी म्हणजे शंभर यार्डांवर पाव इंच, साडेसहा मिलिमीटर. म्हणून वर दहा-अकरा टिचक्या, उजवीकडे नऊ. पुन्हा तीन बार. नळी गरम झाली असेल तर चहा घ्या. शिकारीच्या दिवशी पहिला आणि बहुधा एकमेव बार थंड नळीतूनच सुटणार आहे.

पुंजका केवढा असावा? शंभर यार्डांवर पाच सेंटिमीटरचा असेल तर तीनशेवर तो पंधराचा होतो, आणि भाकरी वीसची आहे. शिल्लक फार राहत नाही. तिनाचा पुंजका तीन सेंटिमीटरच्या आत आला तर मी समाधानी असतो.

काडतुसं एकाच खेपेतली घ्या, खोक्यावर लॉट नंबर असतो. तीन-चार खोकी एकदम. कंपनी बदलली की नेम बदलतो, वजन तेच असलं तरी. त्यातली दोन खोकी बाकावरून उठून संपवायची, कारण माळावर बाक नसतो. पाठपिशवीवर नळी टेकवून पालथं पडून, मांडी घालून, काठ्यांच्या तिकाटण्यावर. कुठल्या स्थितीत किती अंतरावर दहापैकी दहा गोळ्या भाकरीएवढ्या कागदी ताटलीत जातात ते लिहून ठेवा. तो आकडा तुमचा. रायफलचा आकडा वेगळा, तो खोक्यावर छापलेला असतो. माझा मांडी घालून दीडशे यार्ड आहे, पालथं पडून पावणेतीनशे. त्यापुढचं जनावर कितीही देखणं असो, मी त्याच्या जवळ सरकायला बघतो.

वारा. वायोमिंगला गेला असाल तर सांगायला नको. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा या गोळीला दोनशे यार्डांवर पाच सेंटिमीटर ढकलतो, तीनशेवर बारा. वारा दुप्पट झाला की ढकलणंही दुप्पट, आणि तिथे ताशी तीसचा वारा म्हणजे झुळूक. तीनशेवर चोवीस सेंटिमीटर बाजूला गेलेली गोळी फुप्फुसात नाही, पोटात लागते. अंतर यंत्राने मोजता येतं. वारा मात्र गवताकडे बघूनच ओळखावा लागतो, आणि तो मधल्या घळीत वेगळा असतो.

उंचीची काळजी लोक उगाच करतात. ह्यूस्टन समुद्राशेजारी, वायोमिंगमधलं लॅरमी सात हजार फुटांवर. हवा पाचव्या हिश्शाने विरळ, त्यामुळे गोळी थोडी कमी पडते. दोनशेवर फरक कळतही नाही. विमानातल्या धक्क्यांची काळजी मात्र करावी. रायफल कुलूपबंद कडक पेटीत, रिकामी, काउंटरवर सांगून, आणि काडतुसं चेक-इन सामानात. पोचल्यावर पहिलं काम: कागद लावून दोन बार.

माळावरचे काही नियम चांदमारीवर शिकवत नाहीत. कळपात जनावराच्या मागे दुसरं उभं असेल तर थांबायचं, गोळी आरपार जाते. क्षितिजावर उभ्या जनावरावर कधीच नाही, कारण चुकलेली गोळी दोन-तीन मैल जाऊ शकते आणि पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. पाठीमागे टेकाड हवं. आडवा उभा असेल तेव्हाच, पुढच्या पायाच्या लगेच मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात. अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा, तो कायदाच आहे. १ जानेवारी १९६६ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचा दाखलाही लागतो. भाच्याने तो ऑगस्टमध्ये काढला.

परवा त्याचा फोटो आला. शंभर यार्डांचा कागद, मधला नारिंगी ठिपका कोरा करकरीत, आणि त्याच्या वर पाच सेंटिमीटरवर तीन भोकं, एक रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील अशी. खाली लिहिलं होतं, "मामा, बाजूच्या बाकावरचे काका म्हणतात नेम वर लागतोय, आठ टिचक्या खाली घे. घेऊ?"

मी लिहिलं, "हात लावू नकोस."

दोन मिनिटांनी त्याचं उत्तर आलं: "हो, कळलं. दोनशेला शून्य."